यात्रेतील फराळ आणि आहारशुद्धीचा विचार

आषाढी एकादशीच्या दिवशी पंढरपुरात काकड्याच्याही आधी शेगड्या पेटतात. महाद्वारापासून प्रदक्षिणेच्या वाटेवर आणि तेथून खाली वाळवंटापर्यंत हातगाड्या लागलेल्या असतात. कोठे साबुदाण्याच्या खिचडीची परात, कोठे वड्यांची कढई, कोठे भगर आणि दाण्याची आमटी, कोठे राजगिऱ्याचे लाडू, तर कोठे उकडलेली रताळी. ज्यांची चूल अडीचशे किलोमीटर मागे राहिली आहे अशा वारकऱ्यांना त्या दिवशी अन्नदाता कोण, असा प्रश्न विचारला तर मठ, फड आणि दानशूर मंडळी यांची नावे आपण घेऊ, आणि ते योग्यही आहे. परंतु दर्शनबारीत रात्रभर उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माउलीच्या हातात पहाटे जो द्रोण येतो, तो बहुधा या गाडीवरूनच येतो. यात्रेचे पोट फार मोठ्या अंशी या गाडीवाल्यांच्या हाती आहे, ही गोष्ट आपण मान्य केली पाहिजे.

या गाड्यांपाशी उभे राहून लोक काय विचारतात, हे मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. ‘उपवासाचे आहे ना?’ हा पहिला प्रश्न. ‘तेल कसले? दाण्याचेच ना?’ हा दुसरा. फार कर्मठ कोणी असेल तर ‘मीठ साधे की शेंदेलोण?’ एवढी चौकशी होते, आणि मग द्रोण हाती घेतला जातो. खिचडी केव्हा केली, पाणी कोठले, वाढणाऱ्याने हात केव्हा धुतले, हे विचारलेले मी कधी ऐकले नाही. मी स्वतःही कधी विचारले नव्हते, आणि त्याचीच खंत हा लेख लिहावयास कारण झाली आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मराठवाड्यातील एक वृद्ध बाई दरवर्षी दिंडीबरोबर चालत येत आणि दशमीची रात्र आमच्या ओसरीवर काढीत. एकादशीच्या पहाटे स्नान करून त्या बारीकडे निघाल्या, तेव्हा त्यांनी मला विचारले, ‘बुवा, फराळाचं कुठं घिऊ?’ मी एका गाडीकडे बोट दाखविले. तो गाडीवाला माझ्या चांगल्या परिचयाचा. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गोपीचंदन आणि बुक्का, महिन्याच्या दोन्ही एकादश्या कडक पाळणारा, कीर्तनाला न चुकता येऊन बसणारा. माझ्या दृष्टीने एवढे प्रमाण पुरेसे होते. बाईंनी बारीत उभ्या उभ्या सातच्या सुमारास ती खिचडी खाल्ली. दहा वाजण्याच्या आत त्यांना वांत्या सुरू झाल्या आणि पोटात कळा येऊ लागल्या. स्वयंसेवकांनी त्यांना रांगेतून उचलून रुग्णालयात नेले. दोन दिवसांत त्या बऱ्या झाल्या. मुलगा गाडी घेऊन आला आणि त्यांना परस्पर गावी घेऊन गेला. तीन आठवडे पाय झिजवून ज्याच्यासाठी आल्या, त्याचे दर्शन मात्र राहिले ते राहिलेच, कारण पुढच्या आषाढीपर्यंत त्यांचे गुडघे पार धरले होते. निरोप घेताना मला म्हणाल्या, ‘पांडुरंगाची मर्जी.’ ती मर्जी पांडुरंगाची नव्हती, हे मला तेव्हाही कळत होते.

पौर्णिमेचा काला झाला, गर्दी ओसरली, तेव्हा मी त्या गाडीवाल्याकडे गेलो. झाला प्रकार ऐकून त्याचा चेहरा उतरला. त्याने काहीही लपविले नाही. साबुदाणा आदल्या रात्री भिजत घातला होता. रात्री दोनच्या सुमारास सगळी खिचडी एकदम करून दोन पराती भरून ठेवल्या, वर धुतलेले फडके टाकले, आणि जसजसे गिऱ्हाईक येईल तसतशी ती तव्यावर परतून गरम करून दिली. मिरच्या चिरताना बोट कापले होते, त्यावर चिंधी बांधली होती, आणि त्याच हाताने वाढणे व पैसे घेणे चालू होते. ताटल्या-चमचे विसळण्यासाठी दोन बादल्या होत्या. त्यातले पाणी पहाटे भरले ते सूर्य वर येईपर्यंत तेच.

मी विचारले, ‘हात धुवावेत, पाणी बदलावे, हे तुम्हाला ठाऊक नव्हते काय?’

तो म्हणाला, ‘शास्त्रीबुवा, ठाऊक सगळं हाय. पर नळ कुठाय? हापशावर जायचं तर गाडी कुणाच्या भरवशावर सोडू?’ आणि मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, ‘आन् तुमीच सांगता की कीर्तनात, मीराबाईला विष बाधलं नाही म्हणून. देवाच्या दारात काय बाधतंय, असं वाटायचं.’

मीराबाईचे आख्यान मी उत्तररंगात आजवर किती वेळा लावले असेल, त्याची गणना नाही. विषाचा प्याला तिने चरणामृत म्हणून प्राशन केला आणि ते तिला बाधले नाही, ही तिच्या भक्तीची थोरवी होय. विष पाजणाऱ्याला त्या कथेत कोणी निर्दोष ठरविलेले नाही. ही दुसरी बाजू मी श्रोत्यांना कधी सांगितली नव्हती. गाडीवाल्याने माझेच वाक्य मला परत केले, आणि त्याला उत्तर देण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते.

पुढे एका परिचित डॉक्टरांना मी सर्व हकीकत सांगितली. तपासणी झालेली नसल्यामुळे खात्रीने कोणी बोलू नये, हे त्यांनी आधीच बजावले. तथापि खाल्ल्यावर दोन-तीन तासांतच ओकाऱ्या सुरू होणे आणि वाढणाऱ्याच्या बोटाला जखम असणे, या दोन्ही गोष्टींवरून त्यांचा संशय स्टॅफिलोकोकस नावाच्या जंतूवर गेला. हा जंतू धडधाकट माणसाच्या नाकात आणि कातडीवरही असतो, आणि चिघळलेल्या जखमेत तर पुष्कळच. तो शिजलेल्या, ओलसर, कोमट अन्नात पडला की तेथे वाढतो आणि एक विष तयार करतो. अन्न पुन्हा गरम केले की जंतू मरतात, पण ते विष उष्णतेने नाश पावत नाही. म्हणजे आमचा गाडीवाला ज्या कृतीला शुद्धी समजत होता, ती पुन्हा तव्यावर परतण्याची कृती या बाबतीत निरुपयोगी होती. अन्नाला वास येत नव्हता, चव बिघडली नव्हती. वास आणणारे जंतू वेगळे आणि रोग आणणारे बहुधा वेगळे, हे मला त्या दिवशी नव्याने कळले.

नव्याने कळले असे म्हणालो खरे, पण घरी येऊन गीतेचा सतरावा अध्याय उघडला तेव्हा मीच चकित झालो. तामस लोकांना प्रिय असणाऱ्या अन्नाची जी लक्षणे भगवंतांनी तेथे मोजली आहेत, त्यांत ‘पूति’ म्हणजे दुर्गंधी सुटलेले अन्न आणि ‘पर्युषित’ म्हणजे रात्र उलटलेले अन्न, अशी दोन स्वतंत्र विशेषणे आहेत. वास आला तरच अन्न बिघडले, असा अभिप्राय असता तर दुसऱ्या शब्दाची गरज नव्हती. त्याच मालिकेत ‘यातयाम’ हा शब्द येतो. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ अर्धेकच्चे शिजलेले असा केला आहे, कारण नीरस झालेल्या अन्नासाठी श्लोकात निराळा शब्द आहेच. श्रीधरस्वामींच्या टीकेत मात्र ज्याला शिजून एक प्रहर लोटला आणि जे गार झाले ते, असा सरळ अर्थ आहे. मला व्यवहाराच्या दृष्टीने दोन्ही अर्थ सारखेच मोलाचे वाटतात. कच्चे राहिलेले अन्न आणि शिजवून ठेवून दिलेले अन्न, ही दोन्ही घातक.

प्रहर म्हणजे तीन तास. आजचे शास्त्र सांगते की शिजलेले अन्न ५ अंश ते ६० अंश सेल्सिअस या उष्णतामानात राहिले तर त्यात जंतू वाढतात, आणि अनुकूल स्थितीत कित्येक जंतूंची संख्या सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होते. आषाढातल्या दमट हवेत परातीतली कोमट खिचडी याहून निराळ्या स्थितीत नसते. हिशेब सोपा आहे. तीन तासांत नऊ वेळा दुप्पट, म्हणजे एक हजाराचे पाच लाख बारा हजार. आमच्या गाडीवाल्याची खिचडी रात्री दोनला झाली होती आणि बाईंनी ती सातला खाल्ली.

येथे एक आणखी आधार सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. छांदोग्योपनिषदात सनत्कुमारांनी नारदांना आहाराच्या शुद्धीवर चित्ताची शुद्धी अवलंबून आहे असे सांगितले आहे. तेथील आहार या शब्दाचा अर्थ आचार्यांनी इंद्रियांनी घेतलेले विषय असा केला, तर रामानुजांनी श्रीभाष्यात साधकाच्या विवेकाचे लक्षण सांगताना प्रत्यक्ष अन्नाचाच विचार केला. त्यांच्या मते अन्न तीन प्रकारांनी दूषित होते. पहिला जातिदोष, म्हणजे पदार्थाचा मूळचाच दोष. कांदा-लसूण वर्ज्य मानतात तो यामुळे. दुसरा आश्रयदोष, म्हणजे ते अन्न ज्याच्याकडून येते त्या माणसाचा दोष. आणि तिसरा निमित्तदोष, म्हणजे केस, कीटक, उष्टे, घाण यांचा संपर्क होऊन बाहेरून आलेला दोष.

आता गाडीपाशी आपण विचारतो ते प्रश्न आठवा. ‘उपवासाचे आहे ना?’ हा जातिदोषाचा प्रश्न. माळ आणि टिळा पाहून मी बोट दाखविले, तो आश्रयदोषाचा विचार. तिसऱ्या दोषाची चौकशी मी केली नाही, बाईंनी केली नाही, आणि त्या दिवशी त्या गाडीवर आलेल्या शेकडो भाविकांपैकी कोणी केली असेल असे वाटत नाही. रुग्णालयात नेतो तो मात्र बहुतेक वेळा हा तिसराच दोष.

आपल्या सोवळ्याची हीच शोकांतिका आहे. नख-केस आखूड, स्नान केलेले, डोक्याला वस्त्र गुंडाळलेले असे आचारी असावेत आणि पाकशाळा ऐसपैस, स्वच्छ भांड्यांची, जाळीच्या खिडक्यांची असावी, असे सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पहिल्याच अध्यायात वर्णन आहे. तेथे प्रसंग राजाला विषापासून जपण्याचा आहे, पण नियम कोणत्याही स्वयंपाकाला लागू पडावेत असेच आहेत. त्या नियमांतला आशय आपण कालांतराने गमावला आणि कोणी कोणाला शिवावे एवढीच गोष्ट घट्ट धरून ठेवली. माझ्या या लेखाचा कोणी तसा अर्थ लावू नये, म्हणून स्पष्ट लिहितो. याच पंढरपुरात १९४७ साली साने गुरुजींना विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. ज्या संप्रदायात एकमेकांच्या मुखी काला भरवितात, तेथे स्पर्शाने अन्न विटाळते असे म्हणणे हा अधर्मच होय. जंतूला जात नसते. न धुतलेला हात शास्त्र्याचा असला तरी तो न धुतलेलाच असतो.

‘देवाच्या दारात काही बाधत नाही’ ही समजूत तर या क्षेत्राच्या इतिहासालाच धरून नाही. पटकीच्या साथीने येथील यात्रांत किती घरे उजाड केली, हे जुन्या माणसांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात पटकीचा जंतू ओळखला. पुढे यात्रेला येणाऱ्यांना लस टोचून घेणे सक्तीचे करण्यात आले. आमच्या वडिलांच्या पिढीतील वारकरी दंड सुजलेला घेऊन चंद्रभागेत स्नान करीत. तेव्हाही देव हाच होता आणि चंद्रभागाही हीच होती.

अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल तर फेब्रुवारी २०२४ मधले घ्या. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे हरिनाम सप्ताह चालू होता. एकादशीच्या रात्री भगर आणि आमटीचा प्रसाद घेतलेल्या शेकडो लोकांना विषबाधा झाली. रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा रस्त्याच्या कडेला झाडांना दोऱ्या बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. ते दृश्य वृत्तपत्रांतून सर्वांनी पाहिले. तेथे गाडीवाला नव्हता, पैशाचा लोभ नव्हता. होती ती निखळ श्रद्धा आणि सेवा. भगरीविषयी तर दर नवरात्रात, दर महाशिवरात्रीला बातमी ठरलेली. दमट जागी साठविलेल्या भगरीला आणि विशेषतः तिच्या पिठाला बुरशी लागते, ती डोळ्यांना चटकन दिसत नाही, आणि त्या बुरशीतून विषद्रव्ये तयार होतात. सुटी भगर घेऊ नये, जुने पीठ वापरू नये, भगर निवडून धुऊन मगच शिजवावी, असे अन्न व औषध प्रशासन दरवर्षी सांगते. शेंगदाण्याचेही तसेच. काळपट, सुरकुतलेला, कडवट दाणा भाजून कुटात मिसळला तरी त्यातले बुरशीचे विष पुरते जात नाही. तो निवडून टाकणे हाच उपाय. (साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची यांपैकी एकाचेही मूळ या देशातले नाही, सारे अमेरिका खंडातून आलेले, मग ते उपवासाला कसे चालतात, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. त्याचे उत्तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. असो.)

गाडीवाल्यांच्या ठायी आणखी एक गैरसमज आढळतो, आणि त्याचे कारण मात्र समजून घेण्याजोगे आहे. ‘इतकी वर्षं धंदा करतोय, एकाची तक्रार नाही,’ असे ते छातीठोकपणे सांगतात. ते खोटे बोलत नसतात. पेठेतल्या चहावाल्याचे गिऱ्हाईक रोजचे असते. आज त्याचे पोट बिघडले तर उद्या येऊन तो भांडतो. यात्रेतले गिऱ्हाईक दुपारी गाडी धरते आणि रात्री आपल्या गावी आजारी पडते. ते दोष देते प्रवासाला, पावसाला, नाहीतर बदललेल्या पाण्याला. तक्रार परत येण्याची वाटच नाही. त्या बाई आमच्या ओसरीवर उतरल्या नसत्या तर आमच्या गाडीवाल्यालाही काही कळले नसते.

कायदा नाही असे नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ सालचा आहे. त्याखालच्या नियमांनुसार फेरीवाला, हातगाडीवाला, यात्रेतला तात्पुरता दुकानदार यांनाही नोंदणी करावी लागते, आणि पिण्यायोग्य पाणी, झाकलेले अन्न, कापलेली नखे, बांधलेली जखम यांचे नियम त्यांनाही लागू आहेत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्या पोटाचेही रक्षण केले आहे. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधण्यास २०१८ च्या नियमांनी मनाई केली, कारण छपाईच्या शाईतली द्रव्ये तेलकट पदार्थात उतरतात. तेव्हा उद्या हे पान रद्दीत जाऊन कोणाच्या वड्याभोवती गुंडाळले जाऊ नये, एवढी विनंती मी वाचकांना जाता जाता करून ठेवतो.

परंतु नियमाच्या कागदाने हात धुतले जात नाहीत, त्याला पाणी लागते. लक्षावधी लोक येणाऱ्या गावात दर वीस-पंचवीस गाड्यांमागे एक वाहता नळ आणि उष्ट्या पाण्याला एक मोरी मिळाली, तर जे काम दहा निरीक्षकांच्या दंडाने होणार नाही ते होईल, असे माझे मत आहे. दंडाची पावती गाडीवाला एका दिवसाच्या कमाईतून भरतो आणि पुन्हा त्याच दोन बादल्या मांडतो. नळाला दान देणारा दाता मात्र मला अजून भेटलेला नाही. सभामंडपाला फरशी, कळसाला मुलामा, अन्नछत्राला गहू, यांना दाते मिळतात. हात धुण्याच्या तोटीवर नाव कोरण्याची हौस कोणाला नसते. ज्यांना यंदा एकादशीनिमित्त काही दान करावयाचे असेल त्यांनी या गोष्टीचा अवश्य विचार करावा, आणि क्षेत्रोक्षेत्रीच्या कीर्तनकार बंधूंनी पूर्वरंगात आहारशुद्धी घेतली तर निमित्तदोषावर घटकाभर थांबावे.

आमच्या गाडीवाल्याने मात्र कोणाची वाट पाहिली नाही. आता तो सगळी खिचडी एकदम करीत नाही. शेर-सव्वाशेर साबुदाण्याची एक कढई उतरवितो, ती तासाभरात खपली की दुसरी चढवितो. मिरच्या चिरण्याचे आणि पैसे घेण्याचे काम त्याने मुलाकडे दिले आहे, वाढतो तो स्वतः, लांब दांड्याच्या डावाने. तोटी लावलेले एक झाकणाचे पिंप गाडीखाली ठेवले आहे, आणि ते भरण्यासाठी त्याचा धाकटा मुलगा सायकलला कॅन बांधून दिवसातून सात-आठ खेपा घालतो. गेल्या आषाढीला मी मुद्दाम थोडा वेळ तेथे उभा राहिलो. दोन कढयांच्या मधल्या वेळात तो साबण लावून हात धुवू लागला, तेव्हा रांगेतला एक गृहस्थ, कपाळाला बुक्का, हातात वीणा, वैतागून म्हणाला, ‘अहो माउली, हात काय धूत बसलात? बारी पुढं सरकतीय, द्या लवकर.’